ड्रॅगन, नाग आणि आपली घोरपड

तोंडातून आग ओकणारा, पंख असलेला ड्रॅगन आज चित्रपटांमुळे लहान मुलांच्याही ओळखीचा झाला आहे. आपल्या दांडी परिसरात बांधावरून सरपटत जाणारी घोरपड दिसली, की मात्र हात प्रथम दगडाकडे जातो. वास्तविक या दोघांकडे पाहण्याची आपली दृष्टी एकच आहे, ती म्हणजे भीतीची. म्हणून हा विषय समजावून घेणे आवश्यक वाटते.

युरोपातील कथांत ड्रॅगन दुष्ट आहे. संत जॉर्ज त्याला भाल्याने मारतो. ऋग्वेदात पाणी अडवून बसलेल्या वृत्र नावाच्या अहीला इंद्र ठार करतो. याउलट चीनमध्ये ड्रॅगन पाऊस देणारा व सम्राटाचे चिन्ह मानला गेला. बौद्ध परंपरेत तर संबोधीनंतर ध्यानस्थ बसलेल्या तथागतांवर मुचलिंद नागराजाने पावसात फणा धरल्याची कथा आहे. बौद्ध सूत्रांच्या चिनी भाषांतरकारांनी 'नाग' या शब्दासाठी ड्रॅगनचाच 'लुंग' हा शब्द योजला. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराजाचे सुंदर शिल्प आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले, की बुद्धधर्माचा प्रसार करणारे नाग हे लोक होते. तात्पर्य, एका कथेतील राक्षस दुसऱ्या कथेत रक्षक असतो. कथा कोण सांगतो, यावर ते अवलंबून असते.

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे वळू. इंडोनेशियातील कोमोडो बेटावर सुमारे ३ मीटर लांबीचा व ७० किलोपर्यंत वजनाचा सरडा आढळतो. १९१२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. जग त्याला 'कोमोडो ड्रॅगन' म्हणते. आपली घोरपड त्याच 'व्हॅरॅनस' वंशातील आहे. दुभंगलेली जीभ ती सारखी बाहेर काढते, ती डसण्यासाठी नव्हे, तर हवेतील गंध टिपण्यासाठी. किडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरे हे तिचे खाद्य. म्हणजे ती शेतकऱ्याची मदतनीसच होय. माणूस दिसताच ती बिळात किंवा झाडावर पळते.

१६७० साली तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला, तेव्हा 'यशवंती' घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही कथा पोवाड्यामुळे घरोघरी पोहोचली. इतिहास अभ्यासक तिला दंतकथा मानतात. अशी कथा निदान कोणाचा जीव घेत नाही. परंतु घोरपडीच्या तेलाने सांधेदुखी जाते, मांसाने ताकद येते, या समजुती मात्र तिचा जीव घेतात. धनलाभासाठी 'हाथाजोडी' नावाची दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून जी वस्तू विकली जाते, ती नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे २०१७ साली उघड झाले. ती देव्हाऱ्यात ठेवणारा भाबडा माणूस नकळत गुन्हाही करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड असून तिच्या शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

आपल्या जातककथांत 'गोध जातक' आहे. त्यात बोधिसत्त्व स्वतः घोरपडीच्या जन्मात आहेत. जटा व मृगाजिन धारण केलेला एक ढोंगी तपस्वी मांसाच्या लोभाने तिला मारू पाहतो. ती त्याचा कावा ओळखून निसटते आणि त्याला सुनावते, की अंतःकरण मलिन असता बाहेरच्या वेषाचा काय उपयोग! राक्षस कोण आणि साधू कोण, हे रूपावरून ठरत नाही, हेच या कथेचे सार आहे.

आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे असते. ते केवळ विहारात उच्चारण्यासाठी नाही. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी बांधावर घोरपड दिसली तर दगड खाली ठेवा, दूर उभे राहा आणि तिला नीट पाहा. भीती अज्ञानातून जन्मते आणि ज्ञानाने नाहीशी होते. प्रज्ञा आणि करुणा यांची सुरुवात अशा लहानशा कृतीतूनही होऊ शकते.

भवतु सब्ब मंगलम्!