शेततळ्यातला विषाणू आणि ताटातला मासा

जालना जिल्ह्यात मासेमारी म्हणजे गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्यांचे पात्र आणि ठेक्याने दिलेले तलाव, असे पूर्वीचे चित्र होते. शेततळ्यांनी ते बदलले. कडवंचीसारख्या गावात शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून जास्तीत जास्त ३० बाय ३० बाय ३ मीटरची तळी गावोगाव खोदली गेली. पाणी साठवलेच आहे, तर त्यात बोटुकली सोडून चार पैसे जोडावेत, हा शेतकऱ्याचा हिशेब रास्तच आहे. पाऊस बेभरवशाचा, कापूस-सोयाबीनच्या भावाची खात्री नाही. अशा वेळी तळ्यातला मासा घराला हातभार लावतो.

मात्र एके दिवशी हेच मासे पोट वर करून तरंगू लागतात, तेव्हा गावात दोन प्रश्न उभे राहतात. हे कशाने झाले? आणि हा मासा खाल्ला तर माणसाला काही होईल का?

मासे मरण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतल्या विषाणूजन्य आजारांपैकी सध्या जगभर ज्याची धास्ती आहे, तो म्हणजे ‘टिलापिया लेक व्हायरस’. टिलापिया हा मासा आपल्याला परका नाही. उजनीच्या काठावर, भिगवणच्या बाजारात तो ‘चिलापी’ नावाने विकला जातो. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि बघता बघता नद्या-तलावांत पसरला. तो काटक आहे, मिळेल ते खातो, भराभर वाढतो. याच गुणांमुळे त्याची सुधारित जात आता शेतीसाठी वापरली जाते. तिच्या संवर्धनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ठरवून दिलेले नियम पाळावे लागतात.

अशा काटक माशाला नमवणारा विषाणू पहिल्यांदा सापडला तो इस्रायलमध्ये. तेथील किनेरेट सरोवरातले आणि मत्स्यशेतीतले टिलापिया २००९ पासून मोठ्या संख्येने मरू लागले होते. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा विषाणू वेगळा काढला. २०१६ मध्ये त्याची जनुकीय रचना उलगडली. ती १० तुकड्यांची निघाली आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या तुकड्याचे फ्लूच्या विषाणूशी पुसट साम्य आढळले. पुढे इक्वेडोर, कोलंबिया, इजिप्त, थायलंड येथूनही तो आढळल्याची नोंद झाली. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सर्व देशांना सावध केले. काही उद्रेकांत तळ्यातले ९० टक्क्यांपर्यंत मासे दगावले होते. भारतात पश्चिम बंगाल आणि केरळमधील मत्स्यशेतीत हा विषाणू सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा आजार पाण्यातून पसरतो. आजारी मासा ज्या पाण्यात, त्याच पाण्यातला निरोगी मासा बाधित होतो. बाधित नर-मादीकडून पिलांपर्यंत तो पोहोचू शकतो, असेही अभ्यासात दिसले आहे. म्हणून बाहेरून निरोगी दिसणारे मत्स्यबीज हेच गावात विषाणू शिरण्याचे मोठे दार ठरते. थायलंडमध्ये बीज सोडल्यापासून पहिल्या महिनाभरातच मोठी मर होताना आढळली. उद्रेक बहुधा २२ ते ३२ अंश तापमानाच्या पाण्यात होतात, आणि मराठवाड्यातल्या तळ्यांचे पाणी वर्षातला बराच काळ याच तापमानाचे असते.

यात धोका फक्त एका तळ्यापुरता नसतो. आजारी मासे असलेले तळे उपसून पाणी नाल्यात सोडले, तर ते दुधनेत जाते. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा गोदावरीला. वाटेत निसर्गतः वाढलेले टिलापिया असतातच. मलेशियात निसर्गतः वाढलेल्या माशांमध्येही हा विषाणू आढळला आहे. एका शेतकऱ्याच्या तळ्यातला आजार अशा रीतीने खालच्या गावच्या मासेमाराच्या जाळ्यापर्यंत जाऊ शकतो.

तरीही प्रत्येक मर विषाणूची नसते. पहाटे सगळ्या जातींचे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असतील आणि एकदम मरत असतील, तर बहुधा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर, किंवा शेवाळ आणि खाद्य जास्त झाल्यावर असे घडते. याउलट एकाच जातीचे मासे काही दिवस रोज थोडे थोडे मरत असतील, खाणे सोडत असतील, सुस्त होऊन काठाशी येत असतील, अंग काळवंडून कातडीवर जखमा दिसत असतील, डोळे पांढुरके किंवा फुगलेले असतील, पोट फुगले असेल, तर संसर्गाची शंका घ्यावी. रोहू, कटला, सायप्रिनस ठणठणीत आणि फक्त टिलापिया मरत आहेत, हीसुद्धा महत्त्वाची खूण आहे. थायलंडमधील एका प्रयोगात या विषाणूने सायप्रिनसला आजारी केले नाही. पण जिवाणूंमुळेही अशीच लक्षणे दिसतात, त्यामुळे खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेली आरटी-पीसीआर चाचणी येथेही वापरतात.

आता दुसरा प्रश्न, माणसाचा. हा विषाणू माणसाला बाधतो, असा कोणताही पुरावा नाही. बाजारातला ताजा मासा नीट शिजवून खाण्यात या विषाणूची भीती नाही. परंतु मेलेला, तरंगणारा मासा उचलून खाऊ नये आणि विकूही नये. तो सडू लागलेला असतो, आणि तो नेमका कशाने मेला हे डोळ्यांनी कळत नाही.

माशांकडून माणसाला होणारे आजार बहुधा जिवाणूंचे असतात आणि ते हातावरच्या जखमेतून शिरतात. कॅनडातील टोरांटोमध्ये १९९५-९६ च्या हिवाळ्यात टिलापिया साफ करताना हाताला इजा झालेल्या काही जणांना ‘स्ट्रेप्टोकॉकस इनिई’ या जिवाणूचा संसर्ग झाला होता. हात लाल होऊन सुजले, ताप आला. म्हणून मासे हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. काटा किंवा पर टोचल्यास जखम लगेच साबण-पाण्याने धुवावी. सूज किंवा ताप आल्यास डॉक्टरांकडे जावे आणि मासा लागल्याचे आवर्जून सांगावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी विशेष जपावे.

माणसाच्या आरोग्याला खरा धोका वेगळ्याच वाटेने येतो. मासे मरू लागले की घाबरलेला शेतकरी कुणाच्या तरी सांगण्यावरून तळ्यात प्रतिजैविके टाकतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. मासे मरतातच, वर औषधाचा खर्च अंगावर पडतो. पाण्यातले आणि गाळातले जिवाणू मात्र त्या औषधाला सरावतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्या मत्स्यशेतीतील वापराला आपल्याकडे बंदी आहे. रुग्णालयातल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन पशुपालन आणि मत्स्यशेतीत वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. तळ्यात टाकलेल्या औषधाची किंमत उद्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला मोजावी लागू शकते.

या विषाणूवर औषध नाही, शेतकऱ्याला सहज मिळेल अशी लसही अजून नाही. उपाय उरतो तो खबरदारीचा. बीज नोंदणीकृत केंद्रातूनच घ्यावे. नवे मासे काही दिवस वेगळे ठेवून मगच मोठ्या तळ्यात सोडावेत. एका तळ्यातली जाळी आणि बादल्या धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात वापरू नयेत. गर्दी करू नये. दाटीने आणि ताणाने आजार बळावतो. मर सुरू झाली तर मासे दुसरीकडे हलवू नयेत, पाणी बाहेर सोडू नये, मेलेले मासे रोज काढून विहिरी-नाल्यांपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. हंगाम संपल्यावर तळे पूर्ण वाळू द्यावे. मराठवाड्याचे ऊन एरवी जिवावर येते, पण या कामी त्याचा उपयोगच होतो.

आणि सर्वांत आधी कळवावे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला खबर द्यावी. जलचरांच्या रोगांवर देशपातळीवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था त्यात सहभागी आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरूनही माहिती देता येते. तपासणीसाठी सडलेला नव्हे, तर आजारी पण जिवंत किंवा नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून लवकर पोहोचवावा. बदनामी होईल, भाव पडेल म्हणून आजार लपवण्याकडे कल असतो. पण वेळेत दिलेली खबर शेजारची दहा तळी वाचवू शकते, आणि वर्षभराच्या मेहनतीचा मासा बाजारापर्यंत पोहोचतो.