चार बाजू मोजल्या, तरी शेत मोजले जात नाही

शेतीतील बहुतेक सर्व हिशेब क्षेत्रावर अवलंबून असतात. बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा, फवारणीचे औषध, नांगरटीचे भाडे आणि उक्त्या कामाची मजुरी ही सर्व एकरी किंवा हेक्टरी ठरतात. क्षेत्रच चुकले तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. भावाभावांच्या वाटणीत तर अशा चुकीची किंमत पुढच्या पिढीलाही द्यावी लागते. यास्तव आपल्या शेताचे क्षेत्र स्वतः अजमावण्याची रीत प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे आवश्यक आहे.

नेहमीची रीत व तिच्यातील दोष

पुष्कळ गावांत चारही बांध मोजतात, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात व दोन्ही सरासरींचा गुणाकार करतात. ही रीत सोपी असली तरी चारही कोपरे काटकोनात असतील तरच ती बिनचूक ठरते. कोपरे तिरपे असल्यास या रीतीने आलेले क्षेत्र नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. म्हणजे बियाणे, औषध आणि मजुरी यांवरचा खर्चही विनाकारण वाढतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. चार काठ्यांची टोके सैल बांधून चौकट केली तर ती सहज कलते. काठ्यांची लांबी तीच राहते, पण आतली जागा कमी होते. म्हणूनच सुतार लाकडी फाटकास एक तिरपी पट्टी ठोकतो. तिच्यामुळे चौकटीचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण कलत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की तिन्ही कोन व क्षेत्र आपोआप ठरते.

समजा, एका शेताच्या चारही बाजू ५० मीटरच्या आहेत. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्र २५ आर भरेल. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील अंतर, म्हणजे कर्ण, ८० मीटर असेल तर ते २४ आर होईल. कर्ण ९६ मीटर असेल तर ते अवघे १३.४४ आर राहील. बांधांची एकूण लांबी मात्र तिन्ही वेळा २०० मीटरच आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील 'लीलावती' ग्रंथात हा दोष स्पष्ट दाखविला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्यास त्यांनी पिशाच्च म्हटले असून, उत्तर देणारास त्याहूनही वाईट ठरविले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

पाचवे माप : कर्ण

चार बाजूंबरोबर एक कर्ण मोजला म्हणजे काम भागते. उदाहरणार्थ, अ ब क ड या शेतात अब ६५, बक ७०, कड ६० व डअ ४५ मीटर असून अक हा कर्ण ७५ मीटर आहे. आता शेताचे दोन त्रिकोण झाले.

पहिल्या त्रिकोणाच्या बाजू ६५, ७० व ७५. त्यांची बेरीज २१०, निम्मी १०५. या निमपटीतून प्रत्येक बाजू वजा करावी : ४०, ३५ व ३०. नंतर १०५ × ४० × ३५ × ३० = ४४,१०,०००. याचे वर्गमूळ २,१००. म्हणजे २,१०० चौरस मीटर किंवा २१ आर. वर्गमूळ भ्रमणध्वनीतील गणकयंत्रावर लगेच निघते.

दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू ७५, ६० व ४५. याच रीतीने क्षेत्र १३.५ आर येते. एकूण शेत ३४.५ आर झाले. सरासरीच्या रीतीने ते सुमारे ३५.९४ आर आले असते. म्हणजे जवळजवळ दीड गुंठा जमीन केवळ कागदावर वाढली असती.

मोजमापाची पडताळणी

त्रिकोणातील कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असलीच पाहिजे. ४५, ६० व ११० अशी नोंद आढळल्यास कोठेतरी चूक झाली आहे असे समजून पुन्हा मोजावे. तसेच सर्वांत लांब बाजूसमोर सर्वांत मोठा कोन असतो. तिचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असेल तर तो काटकोन, जास्त असेल तर विशालकोन व कमी असेल तर लघुकोन समजावा. वरील शेतात ६० व ४५ यांच्या वर्गांची बेरीज ५,६२५ असून ७५ चा वर्गही तितकाच आहे. म्हणून ड हा कोपरा काटकोनी आहे.

फळबागेची आखणी करतानाही हाच नियम उपयोगी पडतो. एका खुंटीपासून एका दिशेस ९ व दुसऱ्या दिशेस १२ मीटर मोजून, त्या दोन टोकांतील अंतर १५ मीटर येईल असे जुळविले की काटकोन मिळतो. कोन केवळ दोन अंशांनी चुकला तरी ६० मीटरवर ओळ सुमारे दोन मीटर सरकते.

समान वाटणी

वरील शेत दोन भावांत वाटावयाचे असून बांध कर्णावर घातला, तर एकास २१ व दुसऱ्यास १३.५ आर मिळेल. प्रत्येकाचा वाटा १७.२५ आर हवा. त्रिकोणाची उंची तीच असेल तर क्षेत्र पायाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ७० मीटरच्या बक बाजूवर ब पासून ५७.५ मीटरवर खूण करून तेथून अ कोपऱ्यापर्यंत रेषा आखावी. दोन्ही बाजूंस समान क्षेत्र येईल. जमिनीचा कस व विहिरीचे पाणी यांचा विचार अर्थातच निराळा करावा लागेल.

घ्यावयाची काळजी

१. मोजपट्टी ताणून सपाट धरावी. उतारावर पायरीपायरीने मोजावे.
२. कर्ण शेताच्या आतून जाणारा निवडावा.
३. बांध वाकडा असल्यास शेताचे अधिक त्रिकोण पाडावेत.
४. फार चिंचोळा त्रिकोण टाळावा, कारण त्यात मापातील लहान चूक क्षेत्रात मोठी होते.
५. भ्रमणध्वनीवरील क्षेत्रमापनात काही मीटरांची चूक संभवते. लहान तुकड्यासाठी त्यावर विसंबू नये.

ही मोजणी हिशेबासाठी व आपसांतील समजुतीसाठी आहे. हद्दीचा वाद असल्यास किंवा वाटणीची नोंद करावयाची असल्यास भूमी अभिलेख विभागाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. मात्र मोजणीस जाण्यापूर्वी पाचही मापे वहीत लिहून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास कागदावरील आकडा स्वतः पारखता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी एखाद्या शेतात हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यासाठी एक मोजपट्टी, चार खुंट्या व दोन माणसे पुरेशी आहेत.