दादरची भोजनगृहे

परगावाहून मुंबईस येणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात : उतरावे कोठे, आणि जेवावे कोठे? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समुद्रकाठच्या दादरने शंभरांहून अधिक वर्षे दिले आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती आखल्या. १९२५ साली समुद्रालगतचे विस्तीर्ण मैदान लोकांस खुले झाले. तेच शिवाजी पार्क. येथे मध्यमवर्गीयांनी बिऱ्हाडे केली, तर जवळच परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कारकून असो वा कामगार, एकट्याने राहणाऱ्याच्या घरी चूल नव्हती. दादर परिसरातील भोजनव्यवस्थेचे मूळ या उणिवेत आहे.

ही उणीव प्रथम खानावळीने भरून काढली. महिन्याचे पैसे भरून 'मेंबर' व्हावे, आणि पंक्तीला बसावे. १९१० साली सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह बटाटेवड्यासाठी नावारूपास आले. शेजारच्या माटुंग्यास १९४२ साली ए. रामा नायक यांनी उडुपी पद्धतीचे भोजनगृह काढले. तेथे पोटभर दाक्षिणात्य जेवण मिळते. साबुदाणावडा आणि पियूष हवे असल्यास शिवाजी पार्कजवळचे 'प्रकाश' गाठावे. १९८६ साली सुरू झालेल्या 'आस्वाद'च्या मिसळीस २०१५ मध्ये लंडनमध्ये पारितोषिक मिळाले. मासे खाणाऱ्यांसाठी मालवणी भोजनगृहे आहेतच.

ज्यास बसून खाण्याइतका वेळ वा पैसा नाही, त्याच्यासाठी वडापाव आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे मानले जाते. एका हातात मावणारे, उभ्याने संपणारे हे अन्न गाडी पकडणाऱ्याच्या सोयीचेच होते.

परंतु पाटी लावलेल्या भोजनगृहांपुरताच हा इतिहास नाही. गिरणगावातील असंख्य स्त्रिया आपल्या दहा-बारा हातांच्या खोलीत कामगारांचे डबे रांधीत. किराण्यासाठी त्यांस सावकाराचे जबर व्याज सोसावे लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबला, कित्येक कामगार गावी परतले, आणि जेवणारेच गेल्यावर चुलीही थंडावल्या. खाणाऱ्याचे हातपाय थांबले की रांधणारीचेही थांबतात, हे संपाच्या चर्चेत क्वचितच बोलले गेले.

दादरच्या किनाऱ्यावर अन्नाचे आणखी एक रूप दिसते. ७ डिसेंबर १९५६ रोजी येथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. मैदानात पथाऱ्या पसरतात. त्या दिवशी अनेक संस्था आणि कर्मचारी संघटना आल्या-गेल्यास विनामूल्य अन्न वाढतात.

म्हणून दादरला जेवावे कोठे, हे खिसा आणि घड्याळ पाहून ठरवावे; पण पान पुढे आल्यावर ते कोणाच्या हाताने रांधले गेले, याचीही आठवण ठेवावी.