राज्यगीतात पूस नदीचं पाणी

पुसदच्या शाळांमध्ये सकाळच्या परिपाठाला आता राष्ट्रगीताच्या जोडीने राज्यगीतही म्हटलं जातं. ३१ जानेवारी २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा दर्जा दिला आणि त्याच वर्षीच्या शिवजयंतीपासून, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून, तो अमलात आला. मूळ गाण्याचे दोनच चरण घेतले आहेत. एक मिनिट एकेचाळीस सेकंदांत ते संपतं. त्यातला नद्यांचा चरण पोरं अगदी तार स्वरात म्हणतात. रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा आणि गोदावरी अशा सहा नद्या त्याच्या पहिल्याच ओळीत आहेत. गावाला नाव आणि पाणी देणारी पूस त्यात नाही. पैनगंगाही नाही.

नाही म्हणायचं ते फक्त नावापुरतं. पूस नदी महागाव तालुक्यात हिवरा संगमला पैनगंगेला मिळते. पैनगंगा यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून पूर्वेकडे जाते आणि चंद्रपूरच्या हद्दीवर वर्धेत उतरते. ही वर्धा म्हणजेच कवीची वरदा. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे सहापैकी दोन नद्यांत पुसदचं पाणी आहे. भूगोलाच्या गुरुजींनी हे एकदा फळ्यावर काढून दाखवावं, राज्यगीत पाठ करून घेण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

प्रदेशाचं गाणं कोण लिहितं, हा प्रश्न मला या नद्यांपेक्षाही रंजक वाटतो. राज्यगीताचे कवी राजा बढे १९१२ साली नागपुरात जन्मले. चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. त्याआधीचं, तितकंच गाजलेलं महाराष्ट्रगीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं. तेही नागपुरात जन्मलेले; वकिली केली जळगाव-जामोद आणि खामगावात, म्हणजे वऱ्हाडात. तिसरं महाराष्ट्रगीत गोविंदाग्रजांचं, म्हणजे कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांचं. त्यांचा जन्म नवसारीचा, उमेदीची वर्षं पुण्यात गेली, पण १९१९च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला तो नागपूरजवळच्या सावनेरला. तीन गाणी, आणि तिन्हींचा धागा विदर्भाला येऊन भिडतो.

आता त्या काळचा नकाशा बघा. कोल्हटकर १९३४ साली गेले. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. वऱ्हाड १८५३मध्ये निजामाने इंग्रजांकडे सोपवलेला, १९०३पासून मध्य प्रांताला जोडलेला. खुद्द पुसद तालुका १९०५पर्यंत बाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळमध्ये आला. नागपूर-खामगावच्या माणसाचा कागदोपत्री कारभार मुंबई-पुण्याशी नव्हता. तरी महाराष्ट्राचं गाणं त्याने लिहिलं, आणि मला वाटतं म्हणूनच लिहिलं. ज्याला आपण महाराष्ट्रात आहोत हे रोज दिसतं, त्याला ते गाऊन सांगायची एवढी तहान नसते. काठावरच्याला असते.

याची दुसरी बाजू याच जिल्ह्यात सापडते. वणीचे लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते. १९५५मध्ये फाजल अली आयोगानेही विदर्भाचं स्वतंत्र राज्य सुचवलं होतं. तिकडे अण्णा भाऊ साठ्यांच्या मैनेच्या छक्कडीत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्यासाठी जीव तुटत होता. त्या गाण्याने जी गावं हातातून निसटत होती त्यांची नावं घेतली. वऱ्हाड पदरात पडला होता, त्यामुळे त्याचं नाव घ्यायची गरज पडली नाही. लोकगीत असो की चळवळीचं गाणं, गावाचं नाव त्यात बहुधा विरहामुळे येतं.

आपले शेजारी काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. कवी नर्मदने १८७३ साली गुजरातचं गीत लिहिलं, तेव्हा त्याने सीमा आखली ती देवांनी: उत्तरेला अंबामाता, पूर्वेला काळी, दक्षिणेला कुंतेश्वर, पश्चिमेला सोमनाथ आणि द्वारकेश. पैनगंगेच्या पलीकडच्या तेलंगणानेही २०२४मध्ये अंदेश्री यांचं गीत राज्यगीत केलं. मराठी राज्यगीतात देवळं नाहीत, पण देवांनी आखलेला महाराष्ट्र मराठीत नाही असं मात्र कुणी समजू नये. तो गोंधळात आहे.

लग्नानंतर घरी गोंधळ घालतात तेव्हाचं पहिलं आवाहन नीट ऐका. पाटावर चौक भरलेला, मध्ये कलश, शेजारी पेटती दिवटी, संबळ तापलेलं, तुणतुण्याची एकच तार सारखी टुणटुणते आहे. मुख्य गोंधळी एकेका देवाला गावाच्या नावानिशी हाक मारतो: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. प्रत्येक नावामागे साथीदार झील धरतात. मोठी नावं झाली की यजमानाचं कुलदैवत, मग त्या गावचं ग्रामदैवत, शिवेवरचा देव. राज्यापासून उंबऱ्यापर्यंत नकाशा असा उतरत येतो, आणि शेवटची नावं प्रत्येक घरी बदलतात. छापील गाण्याला हे जमत नाही. त्यात एकदा राहिलेलं गाव कायमचं राहतं. गोंधळात ते त्या रात्रीपुरतं हक्काने आत येतं.

पुसदकरांच्या दृष्टीने या यादीतलं वजनदार नाव माहूरचं. पैनगंगेने तीन बाजूंनी वळसा घातलेला तो डोंगर आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९४८पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता आणि नदीच्या अलीकडचं पुसद १९४७पर्यंत इंग्रजी अमलाखाली. कचेऱ्या वेगळ्या, नाणी वेगळी. पण नवरात्रात इकडच्या बायका परडी घेऊन गडावर जायच्या त्या जायच्याच. विष्णुदासांनी माहुरात बसून रेणुकेची पदं रचली, ती विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी आरतीनंतर म्हटली जातात. दत्तभक्तांच्या गाण्यात देवाची दिनचर्याच गावांनी बांधलेली आहे. त्यात रात्रीची निद्रा माहूरला. एवढी गाणी ज्या गडाच्या नावाची, तो आमच्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर. त्या वाटेवरच्या आमच्या गावाच्या वाट्याला मात्र एकही गाजलेलं गाणं नाही.

का नाही, याचं कारण साधं आहे. गेल्या शतकात गाजलेलं गाणं म्हणजे तबकडीवरचं आणि पडद्यावरचं गाणं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. ‘प्रभात’ १९२९मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. ध्वनिमुद्रणं मुंबईत. मग लावणीत आणि सिनेमात सातारा, कोल्हापूर, पुणं, नाशिक आलं, यात नवल ते काय. मुंबईवर तर पठ्ठे बापूरावांपासून अण्णा भाऊंपर्यंत लावण्या झाल्या आणि १९५६च्या ‘सी.आय.डी.’त हिंदीतही तिचं गाणं आलं. जिथे माइक, तिथली गावं. नागपूरला आकाशवाणी १९४८च्या जुलैत आली खरी, पण कापसाच्या पट्ट्यातली गावं तिच्यावर ऐकू आली ती जास्त करून बाजारभावांत.

मग पुसद गाण्यात कुठे भेटतं? तांड्यावर. हा सगळा मुलूख बंजारा समाजाचा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारी लदेणी आगगाडीने मोडली, आणि तांडे जिथे होते तिथे थांबले. इथल्या गहुली तांड्यावर १ जुलै १९१३ला वसंतराव नाईक जन्मले. पुसदला त्यांनी वकिली केली आणि १९६३ ते १९७५ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१मध्ये त्याच खुर्चीवर बसले. एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, हे इथल्या चहाच्या टपरीवर तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवलं जाईल. तांड्यावरच्या भजनांत सेवालाल महाराजांबरोबर नाईकसाहेबही येतात, आणि पोहरागड येतो. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी.

होळीला तांड्यात जाऊन बघावं. इतरांची होळी संध्याकाळी पेटते, तांड्याची पहाटे. डफडं कडाडतं, माणसं रिंगण धरतात आणि लेंगी सुरू होते. एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. लेंगीत देव असतात, नायक-कारभाऱ्याची थट्टा असते, यंदाचा पाऊस असतो, ऊसतोडीला गेलेली जोडपी असतात. ऊस तोडायला माणूस जिथे जातो त्या गावांची नावं मग गाण्यात शिरतात. लग्नातली हवेली त्याहून वेगळी. सासरी निघालेली नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात वर करते आणि रडत रडत गाते. बापाच्या तांड्याचं भलं होवो, असा त्या गाण्याचा सूर असतो. सोडून जाताना मागच्या वस्तीला आशीर्वाद देणारं प्रदेशगीत म्हणून मी हवेलीकडे बघतो, आणि सभागृहात म्हटल्या जाणाऱ्या कुठल्याही गौरवगीतापेक्षा मला ते मोठं वाटतं. आता बैल क्वचित दिसतो. पुष्कळ ठिकाणी हवेली म्हणणाऱ्या फक्त म्हाताऱ्या उरल्या आहेत.

भीमगीतांचा नकाशा आणखी निराळा. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतल्या गाण्यांत गावं येतात ती घटनांमुळे: महाड, येवला, नागपूर, चैत्यभूमी. पुसदच्या वस्त्यांत १४ एप्रिलच्या रात्री ही नावं इतक्यांदा घुमतात, की पोरांना इतिहासाच्या पुस्तकाआधी ती गाण्यातून ठाऊक होतात.

अडचण आहे ती टिकण्याची. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. बहुतेक गाणी तोंडीच आहेत. जात्यावरच्या ओव्यांवर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी काम उभं केलं, म्हणून आज लाखाहून जास्त ओव्या हाताशी आहेत, त्याही बाईच्या आणि गावाच्या नावासकट. तसं काम लेंगी, हवेली आणि इकडच्या गोंधळाचं व्हायला हवं. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला पुस्तकातली कविता देऊ नका. त्यांच्या आजीचं गाणं मोबाईलवर घ्यायला सांगा. गाणारीची परवानगी घ्या. तिचं नाव, तांडा किंवा गाव, तारीख आणि गाणं कोणत्या प्रसंगाचं ते खाली लिहा, गोरबोलीचा मराठी अर्थ शेजारी द्या, आणि ध्वनिफितीची एक प्रत ग्रंथालयात ठेवा. येत्या होळीपासून सुरुवात करता येईल.