शस्त्रक्रियेच्या मेजावर हृदयाचा प्रतिध्वनी

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या. एखादीचा काही भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट फुगला, की त्यास ‘ॲन्युरिझम’ म्हणतात. हा फुगा फुटेल ही धास्ती सर्वांस वाटते; पण मोठे भय निराळेच आहे. फुगीर जागी रक्ताचा ओघ मंदावतो, गुठळी धरते आणि वाट अडते.

प्रौढांत हा विकार बहुधा रोहिण्या कठीण होण्यातून उद्भवतो. मुलांत मात्र त्याचे प्रमुख कारण म्हणजे जपानी वैद्य तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेला ज्वर. पाच दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लालभडक जीभ, अंगावर पुरळ ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास चारांतील सुमारे एका मुलाच्या या रोहिण्या बाधित होतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास धोका पुष्कळ उतरतो. घरात लहान मूल असणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

पुष्कळ रुग्णांचे औषधांवर भागते. फुगा फार मोठा असेल व वाट अडत असेल, तर शल्यविशारद तो बांधून प्रवाहातून वगळतात आणि छातीच्या आतील रोहिणी जोडून रक्तास नवी वाट देतात. टाके कितीही सुबक असोत, पलीकडच्या स्नायूला रक्त पोचले की नाही, हे वरून पाहून नेहमीच कळत नाही.

ते दाखविण्यास श्राव्यातीत ध्वनी मदतीस येतो. भूल दिल्यावर एक लवचिक नळी अन्ननलिकेत उतरवितात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असल्याने ध्वनीस अडविणाऱ्या फासळ्या व फुप्फुसांतील हवा मध्ये येत नाही. नळीच्या टोकातून सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी निघतो आणि त्याच्या प्रतिध्वनींतून पडद्यावर धडधडते हृदय उमटते. (या विद्येचा आरंभ मोठा गमतीचा! १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर व हेर्ट्झ यांनी हृदयाचा प्रतिध्वनी प्रथम टिपला, तो धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने.)

रक्त तुटलेला स्नायू काही क्षणांतच आकुंचन पावेनासा होतो. हृदयाच्या विद्युत्‌-आलेखात फरक दिसण्यापूर्वीच पडद्यावर ती भिंत लुळी दिसते. दूरच्या बारीक शाखा या यंत्रास दिसत नाहीत. त्यांसाठी आधी काढलेली अँजिओग्राफीच प्रमाण. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवून पाहतात. आधी हालणारा भाग आता निश्चल दिसला, तर छाती शिवण्यापूर्वीच नवी जोडणी पुन्हा तपासली जाते आणि गरज पडल्यास ती उकलून नव्याने केली जाते.