म्हशीचे रानातील माहेर

संध्याकाळ झाली, की चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एक देखावा नेहमी दिसतो. दिवसभर तळ्यात डुंबलेल्या म्हशी पाण्याबाहेर येतात आणि अंगावरचा चिखल तसाच मिरवीत संथ पावलांनी गावाकडे वळतात. त्यांची लांब, चपटी शिंगे मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेली असतात. एखादीच्या पाठीवर गुराखी मुलगा खुशाल बसलेला असतो. इतका हा प्राणी माणसाळलेला! पण मुलांनो, या म्हशीचे मूळ कूळ कोठले, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय?

माणसाने पाळलेला प्रत्येक प्राणी एके काळी रानात स्वच्छंदपणे हिंडत होता. माणसाने त्याला धरून आणले, खाऊपिऊ घातले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दावणीला बांधले. पुढे पुष्कळ प्राण्यांचे रानातील भाऊबंद नाहीसे झाले. गाईबैलांच्या रानटी पूर्वजांपैकी अखेरची गाय १६२७ साली पोलंड देशातील एका अरण्यात मरण पावली. ज्या रानघोड्यांपासून आपला घोडा झाला, तेही आज कोठे उरलेले नाहीत. मंगोलियाच्या माळरानावर जे रानघोडे चरतात, ते त्याचे केवळ चुलत भाऊ होत. म्हशीचे भाग्य मात्र निराळे आहे. तिचे पूर्वज ज्या जातीचे होते, ती रानम्हैस अद्याप जिवंत आहे. आणि महाराष्ट्रात ती पाहावयाची असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातच जावे लागते.

या जिल्ह्याच्या दक्षिणेस, अहेरी तालुक्यात कमलापूरच्या पलीकडे कोलामार्काचे अरण्य आहे. याच भागात इंद्रावती नदी महाराष्ट्र व छत्तीसगड यांच्या सीमेवरून वाहत जाते आणि पुढे गोदावरीस मिळते. एकोणिसाव्या शतकात गोदावरी, इंद्रावती व महानदी यांच्या खोऱ्यांत रानम्हशींचे कळप हिंडत असत. आज महाराष्ट्रात त्यांचे फार थोडे वंशज उरले आहेत, आणि त्यांचा आसरा म्हणजे हे कोलामार्काचे रान.

रानम्हैस दिसते तरी कशी? आपल्या गोठ्यातील म्हशीहून ती पुष्कळ मोठी असते. पूर्ण वाढलेल्या रानरेड्याचे वजन हजार किलोच्याही पुढे जाते. तिचा रंग राखी-काळा असतो, पाय गुडघ्यांपर्यंत मळकट पांढरे असतात आणि गळ्याखाली बहुधा पांढरा पट्टा असतो. परंतु तिचे खरे वैभव म्हणजे तिची शिंगे. गाई, म्हशी, गवे यांच्या साऱ्या गोतावळ्यात इतकी लांब शिंगे दुसऱ्या कोणत्याही रानटी प्राण्याला नाहीत.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. ताडोबाच्या जंगलात काळाकभिन्न, धिप्पाड गवा दिसतो. त्याचेही पाय खाली पांढरे असतात. म्हणून कित्येक लोक त्यालाच रानरेडा समजतात. परंतु गवा हा गाईच्या कुळातील प्राणी आहे. त्याच्या खांद्यावर उंच उंचवटा असतो, शिंगे वर जाऊन आत वळलेली असतात आणि म्हशीप्रमाणे तासन्‌तास चिखलात लोळण्याची त्याला सवय नसते. रानम्हशीला मात्र पाणी आणि चिखल यांवाचून चालत नाही. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी थोड्या असतात आणि काळी कातडी ऊन फार शोषून घेते. त्यामुळे अंग थंड ठेवण्यासाठी तिला पाण्यात बसावे लागते. अंगावर वाळलेला चिखल माश्या व गोचिडांपासूनही तिचे रक्षण करतो. तिचे खूर रुंद व फाकणारे असल्यामुळे दलदलीत ती सहसा रुतत नाही. गोठ्यातील म्हैस डबके दिसताच त्यात जाऊन बसते, तो तिचा आळस नव्हे. ती आपल्या पूर्वजांची रीत पाळीत असते.

सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, किंवा त्याही आधी, भारतवर्षात माणसाने म्हैस पाळली. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तिची चित्रे कोरलेली आढळतात. दक्षिण चीन व आग्नेय आशियाकडील लोकांनी तिची दुसरी शाखा पाळली. ती मुख्यतः भातखाचरांत नांगर ओढू लागली. आपल्याकडील म्हैस दुधासाठी प्रसिद्ध झाली. जसा प्रदेश, जसा चारा आणि जशी माणसाची निवड, तशा तिच्या निरनिराळ्या जाती बनत गेल्या. आज भारतात अशा सुमारे वीस जाती ओळखल्या जातात. त्यांतील कित्येक नुसत्या शिंगांवरून ओळखता येतात.

विदर्भातील नागपुरी म्हशीची शिंगे तलवारीच्या पात्यांसारखी चपटी असून खांद्यापर्यंत मागे जातात. वैदर्भीय उन्हाळा ती काटकपणे सोसते आणि तिचा रेडा, ज्याला इकडे हेला म्हणतात, जड गाडी ओढण्यास उपयोगी पडतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस काळी नसून फिकट भुरी असते. मराठवाडी म्हशीची शिंगे मध्यम लांबीची असतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील पंढरपुरी म्हशीची शिंगे मात्र खांद्याच्याही पलीकडे पोचतात. हरयाणातील मुऱ्हा म्हैस काळीभोर. तिची शिंगे आखूड व जिलबीसारखी वळलेली. दुधाच्या बाबतीत तिचा मोठा लौकिक आहे. सौराष्ट्रातील जाफराबादी म्हैस अंगाने अवाढव्य. तिचे कपाळ फुगीर असून जाडजूड शिंगे मानेवर लोंबतात. रूपे अशी अनेक असली, तरी रक्त एकच.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २०१९ सालच्या पशुगणनेत भारतात सुमारे अकरा कोटी म्हशी मोजल्या गेल्या. साऱ्या जगातील रानम्हशी मात्र चार हजारांहूनही कमी असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक आसामात आहेत. नदीकाठची गवताळ कुरणे शेतीखाली गेली, बेसुमार शिकार झाली, गुरांपासून आलेल्या बुळकांडीसारख्या साथींनी कळप मारले. बुळकांडीचे २०११ साली जगातून उच्चाटन झाले, तरी लाळ-खुरकतासारखे रोग अजून आहेतच. म्हणून रानालगतच्या गावांतील गुरांना वेळच्या वेळी लस टोचणे हे रानम्हशीचेही रक्षणच होय.

याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे. पाळीव म्हशी रानात चरावयास गेल्या, की त्यांचा रानम्हशींशी संकर होऊ शकतो. असे पुनःपुन्हा झाले, तर रानात म्हशी दिसतील. पण त्यांत शुद्ध रानम्हैस उरणार नाही. वाघाने अथवा बंदुकीने मारलेले जनावर डोळ्यांना दिसते. रक्तात विरून गेलेले कूळ मात्र कोणाला दिसत नाही. या प्राण्याचे रक्षण व्हावे, म्हणून २०१३ साली कोलामार्काचे सुमारे १८० चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले.

कोणी विचारील, की घरोघर म्हशी असताना रानातील मूठभर म्हशी वाचवून काय मिळणार? माणसाने म्हैस निवडली, ती दुधासाठी व कामासाठी. रानाने मात्र रानम्हैस निवडली, ती वाघाशी झुंजण्यासाठी, दुष्काळ सोसण्यासाठी आणि कोणाच्याही आधारावाचून जगण्यासाठी. हे गुण त्या कुळाच्या रक्तात साठवलेले आहेत. एकदा का ते संपले, की अकरा कोटी म्हशी मिळूनही ते परत आणू शकणार नाहीत. गाईचे माहेर १६२७ साली कायमचे उजाड झाले. म्हशीचे माहेर इंद्रावतीच्या काठी अजून नांदते आहे. ते तसेच नांदत ठेवणे आपल्या हाती आहे.