बीजांचा प्रवास

वृक्षाला पाय नसतात. तरीही त्याची संतती दूरवर पोहोचते. मातृवृक्षाच्या सावलीत पडलेल्या बीजाला प्रकाश, पाणी व क्षार यांसाठी त्याच वृक्षाशी स्पर्धा करावी लागते. म्हणून स्थलांतर ही बीजाची निकड असते.

काटेसावरीचे बी कापसाच्या तंतूंसह वाऱ्यावर तरंगते. तंतुमय सोडणामुळे नारळ समुद्रावरून नव्या किनाऱ्याला लागतो. तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटून बिया चोहीकडे उडवते. आघाड्याची फळे जनावरांच्या केसांना चिकटून फिरतात.

वड, पिंपळ, उंबर यांची फळे पक्षी व वटवाघळे खातात. त्यांतील बारीक बिया न पचता विष्ठेवाटे बाहेर पडतात. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ बहुधा पाखरानेच पेरलेला असतो.

सह्याद्रीच्या रानात मोठ्या बियांची फळे गिळून दूर नेणारा धनेश जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. असे वृक्ष तुटले की धनेश निराधार होतो आणि धनेश गेला की कित्येक वृक्षांच्या बिया त्यांच्या बुंध्याशीच पडून राहतात. विद्यार्थी मित्रहो, रोप लावणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु उभा जुना वृक्ष राखणे म्हणजे न लावलेल्या शेकडो रोपांची वाट मोकळी ठेवणे होय.